पलस्तरातली नाव

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात जीवरामआबांनी चौतीस वर्षं मोडक्या हाडांना पलस्तर घातलं. डॉक्टर कितीतरी आले नि बदलून गेले. ते हाड जुळवायचे, "हं, जीवराम" म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. पुढचा सगळा प्रवेश आबांचा. कोमट पाण्याची बादली पुढ्यात, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि रडणाऱ्या पोराशी गप्पा सुरू. "कुठल्या झाडावरून पडलास? चिंचेच्या? मग माझ्या वाटणीच्या चिंचा कुठं आहेत?" पोर हसेपर्यंत पट्टीचे चार फेरे झालेले असायचे. पट्टी पाण्यात उभी सोडायची, बुडबुडे थांबले की काढायची, दोन्ही टोकं दाबून हलकी पिळायची आणि गुंडाळताना ओढायची नाही, तळहातानं नुसती निजवत न्यायची. शेवटी ओल्या पलस्तरावर पेन्सिलीनं तारीख. "दीड महिना. त्याआधी देव आला तरी काढायचं नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की देवपुरापासून साक्री रोडपर्यंत लोक त्यांना दीडमहिना आबाच म्हणायचे.

आबा जातीनं भोई, पण पाण्याशी त्यांचा संबंध बादलीपुरता. त्यांच्या वडिलांनी नदी सोडून अमळनेरला तेलाच्या गिरणीत चाकरी धरली होती. आबांना ना पोहता येत होतं, ना वल्हं धरता येत होतं. बायको मात्र केली ती थेट तापीच्या थडीवरची. भिकुबाई निमथडीच्या. त्यांच्या वडिलांची नाव होती, लोकांना आणि बैलगाड्यांना पैलतीरी नेणारी, आणि भिकुबाई चालायच्या आधी वल्ह्याला लोंबकळायला शिकल्या असं त्यांचा भाऊ चिंधा सांगायचा. लग्न होऊन धुळ्याला आल्या तेव्हा त्यांनी पांझरा नदी पाहिली. वैशाखाचे दिवस होते. पात्रात पोरं विटीदांडू खेळत होती. "हाई नदी शे?" एवढंच म्हणाल्या, आणि पुढं तीस वर्षं त्या नदीबद्दल बोलल्या नाहीत.

नदीवर बोलण्याचा दिवस त्यांचा वर्षातून एकच. आखाजीचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि दुपार कलली की गौराई घेऊन नदीवर जातात. निमथडीच्या बाया या काठावर, समोरच्या कुरखेड्याच्या बाया त्या काठावर. मधे तापी. आणि मग दोन्ही काठांवरून सुरू होतो तो शिव्यांचा जलसा! एकमेकींच्या भावांचा, बापांचा, स्वयंपाकाचा, नाकाडोळ्यांचा असा काही उद्धार व्हायचा की ऐकणाऱ्या पुरुषांनी पत्त्यांचे डाव तसेच टाकून झाडाआडून कान लावावेत. कोणी रागवायचं नाही. रागावली ती हरली.

निमथडीकडून पुढं व्हायची ती भिकुबाई. आवाज असा की जवळच्याला दचकवायचा नाही आणि लांबच्याचा एक शब्द चुकवायचा नाही. ओरडायच्या नाहीत, पाण्यावरून शब्द सोडायच्या. पोरं चपटा दगड सोडतात तसा.

"तुनी पुरनपोळी वं धनी, गाडाना चाकले लायी! गाडं अमळनेर जाई उनं, पोळी नही फाटी!"

आणि पलीकडून पोपटी लुगड्यातली एक बाई कमरेवर हात ठेवून उत्तर द्यायची, "तुनी सांजोरी वं भिके, भितडाले मारी! सांजोरी जशीनी तशी, भितडं पडनं भारी!"

ही कुरखेड्याची धनीबाई. एकवीस आखाज्या दोघी अशा भांडल्या, पण कधी समोरासमोर आल्या नाहीत. येणार कशा? वर्षातले बाकीचे दिवस दोघी आपापल्या सासरी, आणि माहेरच्या चार दिवसांत शत्रूच्या काठावर कोण जाणार! धनीबाईचं नाक कसं आहे, रंग कसा आहे, भिकुबाईंना ठाऊक नव्हतं. पोपटी लुगडं आणि आवाज, बस. धुळ्याला परतल्यावर आबांना जेवायला वाढता वाढता त्या सगळी वादावादी दोन्ही आवाजांत करून दाखवायच्या, आणि धनीबाईचा आवाज काढताना त्यांचा चेहरा का कोण जाणे, मऊ व्हायचा.

शहात्तर सालच्या दिवाळीत भिकुबाई मोरीत घसरून पडल्या. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला नेऊन आत सळई बसवावी लागेल. भिकुबाई म्हणाल्या, "मी काय छत्री शे, सळई बसाडाले?" गेल्या नाहीत. मग आबांनीच पाय बांधला, फळी लावली, वाळूच्या पिशव्यांची वजनं टांगली. बायकोनं विचारलं, "कितला दिवस?" आणि आबांच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "दीड महिना."

या वयात तिथलं हाड धरत नाही हे त्यांनी दवाखान्यात शंभरदा पाहिलं होतं. तरी बोलून गेले. भिकुबाई दीड महिना मोजत पडून राहिल्या. पंचेचाळिसाव्या दिवशी खाटेची कड धरून उठल्या, पाय टेकला, आणि परत बसल्या. त्यानंतर त्या बसूनच राहिल्या. तोंड पूर्वीसारखंच चालायचं. आबांच्या चहावर, खोकल्यावर, धोतराच्या गाठीवर दिवसभर टोमणे. पण त्या दीड महिन्याबद्दल एक अक्षर नाही. आबा रोज त्या टोमण्याची वाट पाहायचे आणि तो यायचा नाही.

पुढच्या आखाजीला भिकुबाईंचं माहेर चुकलं. चिंधाच आंबे घेऊन भेटायला आला. तो टेकतो न टेकतो तोच त्यांनी विचारलं, "नदीवर काय झायं? धनी उनी व्हती का?"

"आते कोनी बोलतच नही, अक्का," चिंधा म्हणाला. "खाले बंधारा बांधा ना. पाणी दुप्पट पसरनं. या थडीना आवाज त्या थडीले जात नही. यंदा बाया गौराई बुडाडीसन घर उन्यात."

"मंग नाव घी जावानी मधमा."

"नाव कथी शे आते? पूल झाया, नाव चुल्हामा गयी."

भिकुबाई आंबा हातात धरून बसल्या. खाल्ला नाही. तो खाली ठेवून म्हणाल्या, "एक डाव तिना आवाज ऐकाले पाहिजे व्हता." कोणाला उद्देशून नव्हतं ते. पण आबा दाराशी उभे होते.

रतिलाल भंगारवाल्याचं मनगट आबांनी एकदा बसवलं होतं, त्यामुळं त्याच्या वखारीत आबांचा चहा ठरलेला. तिथं मागच्या भिंतीशी, सायकलींच्या मडगार्डांखाली, एक नाव पडलेली होती. कुठल्याशा पाण्याच्या सर्व्हेवरून बाद होऊन आलेली, बारा हात लांब. कधीकाळी पांढरी असावी, आता ताकासारखी झाली होती. आबा इतकी वर्षं तिच्या मोकळ्या टोकावर बसून चहा पीत होते, पण त्या दिवशी प्रथमच त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"रतिलालभाई, ही कशाची?"

"फायबरनी शे, आबा. लोखंड नही, लाकूड नही, वजनवर कोनी लेत नही. मढं शे नुसतं."

आबांनी मडगार्डं बाजूला केली. बुडाला हातभर लांब तडा होता आणि कोणीतरी पावसाचं पाणी काढायला पाडलेलं एक भोक. त्यांनी बोटाच्या पेरांनी तड्याच्या दोन्ही बाजूंना ठोकून पाहिलं, कुठपर्यंत आवाज भरीव येतो नि कुठून पोकळ होतो ते. मग तड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कडेला दोरे लोंबत होते. बारीक, काचेसारखे. आत कापड होतं! कापडाचे थर, एकावर एक निजवलेले, आणि त्यांना धरून ठेवणारं काहीतरी कडक.

आबा उठून उभे राहिले. "अरे, हे तर पलस्तर आहे!"

हातगाडीवरून नाव गल्लीत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंचे ओटे भरले. "आबा, पांझराले पूर येवाव शे का?" कोणी विचारलं. "नही रे, आबा आते मासाना हाडं बसाडतीन," दुसऱ्यानं उत्तर दिलं. आबा कोणाकडे न बघता राजाच्या थाटात चालत होते. अंगणात नाव पालथी पडली. भिकुबाई दारातल्या खाटेवरून बघत होत्या.

"शेवंताना बाप, ही कढई कसाले आनी?"

"नाव आहे." शेवंता ही त्यांची भुसावळला दिलेली लेक. तिच्या नावानंच नवरा-बायको एकमेकांना हाक मारायची.

"नाव? मंग लाकूड कथं शे?"

"हिला लाकूड लागत नाही."

"तं मंग तरी कशी?"

"तरेल. पुढच्या आखाजीला तापीत तरेल," आबा म्हणाले.

 त्या दिवसापासून भिकुबाईंची खाट अंगणात आली.

दिवाळी उलटल्यावर रतिलालनं सुरतेहून काचेचं कापड, रेझिन नावाच्या राळेचा डबा आणि ती कडक व्हावी म्हणून त्यात घालायच्या दोन बाटल्या आणवल्या. किती रेझिनला किती थेंब, हे दुकानदारानं तोंडी सांगून धाडलं होतं. कापड भिजवू नका हे मात्र त्यानं सांगितलं नाही. ते सांगावं लागेल असं त्याच्या मनातही आलं नसेल. माघ महिन्यातल्या एका सकाळी आबांनी तडा घासला, बाह्या वर केल्या, कोमट पाण्याची बादली पुढ्यात घेतली आणि काचेचं कापड त्यात उभं सोडलं. बुडबुडे थांबेपर्यंत थांबले. दोन्ही टोकं दाबून हलकं पिळलं. तड्यावर निजवलं, वरून रेझिन फासलं, पुन्हा थर, पुन्हा रेझिन. हात असा फिरत होता की शेजारपाजारचे बघायला थांबले. शेवटी पेन्सिलीनं तारीख घातली.

चौथ्या दिवशीही जागा ओली, चिकट, दुधाळ.

"वल्लं शे अजून," भिकुबाई खाटेवरून म्हणाल्या.

"हाड काय एका दिवसात धरतं? दीड महिना हात लावायचा नाही."

 भिकुबाईंनी मान फिरवली. दीड महिना ती नाव तशीच अंगणात पालथी राहिली. वर आबांनी गोणपाट टाकलं होतं. कोणी कडेला टेकलं तरी ओरडायचे. मनात मात्र रोज एक दिवस कमी व्हायचा. होळी होऊन गेली. पंचेचाळिसाव्या दिवशी त्यांनी गोणपाट काढलं आणि नखानं कड उचलली. तापलेल्या दुधावरची साय यावी तसं सगळं कापड हातात आलं. खाली तडा होता तसा.

आबा तिथंच मातीत बसले. हातात ते लोंबणारं कापड. आणि खाटेवरून आवाज आला.

"दीड महिना म्हने! मना खुबाना बी दीड महिना, नावना बी दीड महिना! तुमना पंचांगमा दुसरं काही शे का नही?"

दीड वर्षं अडलेला टोमणा एकदाचा आला. आबांनी वर पाहिलं. भिकुबाई हसत होत्या, पदर तोंडाला लावून, खाट हलेपर्यंत. आबांनाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. कोणाला वाटावं, म्हातारा नाव फुकट गेली म्हणून रडतोय.

"उठा," भिकुबाई म्हणाल्या. "बादली दूर करा ती. नावले पाणी लागस ते नंतर. मना बाप आधी पंधरा दिन उन्हात पालथी ठेवे, टनक वाळाडे, मंग डांबर लावे. वल्ल्या नावले कोनी हात लावत नही."

मग नाव वाळली. धुळ्याचं चैत्रातलं ऊन, पंधरा दिवसांत खडखडीत झाली. रतिलालनं पुन्हा सुरतेला माणूस धाडला. या वेळी कापड कापायला भिकुबाई बसल्या, मांडीवर कात्री घेऊन. पहिलं मिश्रण दहाच्या उन्हात केलं तर डब्यातल्या डब्यात घट्ट होऊन धुरायला लागलं. आबांनी चिमट्यात धरून तो डबा गल्लीत नेऊन ठेवला आणि सगळ्या गल्लीनं त्या वासाला नाकं मुरडली. दुसऱ्या दिवसापासून काम उजाडता उजाडता. थेंब भिकुबाई मोजायच्या, ब्रश आबा चालवायचे. कापड ओढायचं नाही, तळहातानं निजवायचं, खाली हवा राहू द्यायची नाही, हे आबांचं जुनं ज्ञान इथं मात्र पुरेपूर उपयोगी पडलं. कोरडं कापड रेझिन पिऊन काचेसारखं नितळ होत जायचं, आणि अर्ध्या तासानं त्यावर नख वाजायचं. पाच थर झाले. आतून तीन. आबांनी पेन्सिल काढली, भिकुबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

आखाजीच्या सकाळी शिरपूरकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकमध्ये नाव चढवली. भिकुबाईंना कुठं बसवावं याची चर्चा सुरू झाली तेव्हा त्याच म्हणाल्या, "नावमा." आग्रा रोडवरून ट्रक निघाला, आत नाव, नावेत गादी, गादीवर नऊवारी नेसलेल्या भिकुबाई. सोनगीरच्या फाट्यावर लोक चहाचे ग्लास हातात धरून बघत राहिले.

निमथडीला चिंधा आणि चौघांनी नाव पाण्यात लोटली. आबा पुढं बसले, धोतर गच्च धरून. तळाच्या जोडाकडे त्यांनी बराच वेळ टक लावून पाहिलं. थेंब आला नाही. मग त्यांनी वल्हं उचललं आणि मारलं. नाव जागच्या जागी फिरून पुन्हा काठाकडे तोंड करून उभी राहिली. काठावरच्या बाया खो खो हसल्या.

"आना इकडे," भिकुबाई म्हणाल्या.

त्यांनी वल्हं घेतलं. एकदा नुसतं पाण्यात बुडवून धरलं, ओळख पटवल्यासारखं. मग खांद्यातून ओढ घेतली आणि नाव सरळ, न डगमगता निघाली. बसल्या जागी त्यांची पाठ ताठ झाली होती. दीड वर्षं जी बाई मोरीपर्यंत जायला दोन माणसं मागायची, ती नवऱ्याला घेऊन तापी ओलांडत होती.

समोरच्या काठावर आठ-दहा बाया गौराई घेऊन आल्या होत्या. त्यांत धनीबाई असेल का, या वर्षी माहेरी आली असेल का, कोणालाच ठाऊक नव्हतं. पाण्याच्या मधोमध भिकुबाईंनी वल्हं थांबवलं, पदर खोचला आणि आवाज सोडला.

"धनी वं! ए कुरखेडानी धनी! मरी गयी का जिती शे?"

काठावरच्या बाया थबकल्या. काही नाही.  भिकुबाईंनी पुन्हा हाक दिली.

"पाणी इतलं वाढनं वं धनी, तुनी अक्कल तितलीच ऱ्हायनी!"

बायांत हालचाल झाली. त्या बाजूला सरल्या, आणि मधून एक पोपटी लुगडं पाण्याच्या कडेला आलं. आवाज चिरका झाला होता, पण फेक तीच.

"कोन? भिकी का वं? माले वाटनं तू काशीले गयी! तठे बी कोनी ठी लिन्ही नही का?"

भिकुबाईंनी असा श्वास घेतला, जसा त्यांनी दोन आखाज्यांपासूनचा राखून ठेवला होता. आणि मग जे सुरू झालं! दोन्ही काठ भरले. निमथडीच्या पोरींनी एवढं रंगलेलं भांडण ऐकलंच नव्हतं. एक शिवी गेली की उत्तर येईपर्यंत पाण्यावर शांतता, आणि उत्तर आलं की दोन्हीकडून आरोळी. कोण जिंकत होतं ते सांगता आलं नसतं. शेवटी धनीबाईलाच दम लागला. ती म्हणाली, "पुरे वं भिके. ये ना आठे. रस शे, पोळी शे. बस जराशी मनापाशी."

वल्हं पाण्यात तसंच राहिलं.

"चल ना," आबा हळूच म्हणाले. "एवढ्यासाठीच तर आलो. अर्धंच पाणी राहिलंय."

"नको."

"का गं?"

"जवळ गयं का गुडघा कसा शेतस, सून कशी शे, हेच इचारनं पडी. शिव्या कोन दी मंग?"

पलीकडून पुन्हा आवाज आला, आता थोडा शंकेचा. "भिके, तू पहिले उभी राही बोले वं! आज बसीसन का बोली ऱ्हायनी?"

दोन्ही काठ ऐकत होते. आबांनी डोळे मिटले. बायकोचा पाय पदराखाली, गादीच्या कडेला, आखडून पडला होता.

"तुनासाठे उभी ऱ्हाऊ?" भिकुबाईंचा आवाज पाण्यावरून गेला, स्वच्छ, जरासाही न हलता. "तू इतली मोठी कधी व्हयनी वं?"

पलीकडून आधी धनीबाईचं हसू आलं, मग सगळ्यांचं. त्या हसण्याचा आधार घेऊन भिकुबाईंनी नाव वळवली. घाई केली नाही. पाठ कुरखेड्याकडे झाली तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, "तुमना डोया चांगला शेतस. सांगा ना, कशी शे ती दिसाले?"

 सगळा वेळ आबा वल्ह्यावरच्या बायकोच्या हातांकडे बघत बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं. काठावर खूप बाया होत्या, ऊन डोळ्यांवर येत होतं, आणि पोपटी लुगडं आता कोणतं ते त्यांना ओळखू येईना.

"जरा थांबव," ते म्हणाले. "नीट बघून सांगतो."

भिकुबाईंनी वल्हं आडवं धरलं. नाव पाण्यावर उभी राहिली, आणि आबा कपाळावर हात धरून त्या काठाकडे बघत राहिले.